कोल्हापुरात राहून जगभरचं नृत्य समजून घ्यायचं, तर सुरुवात कुठून करायची?

घरात कुणी नाचणारं नाही, क्लासची पायरी कधी चढलेली नाही, पण मोबाईलवर कथक, बॅले, फ्लामेंको, ब्रेकिंग असं काहीबाही समोर येतं आणि मन तिथंच अडकतं, अशा माणसासाठी हा लेख आहे. शिकायचं असेल तरी आणि नुसतं डोळसपणे बघायचं असेल तरी. वय दहा असो की पन्नास, सुरुवात सारखीच.

बहुतेक जण शैलींची नावं आणि नर्तकांची यादी पाठ करण्यापासून सुरू करतात. माझ्या मते हा उलटा रस्ता आहे. आधी ताल अंगात यायला हवा, मग नाचणाऱ्याचं वजन कुठं आहे ते डोळ्याला दिसायला हवं. या दोन गोष्टी जमल्या की जगातलं कुठलंही नृत्य परकं वाटत नाही. कोल्हापूरकराला तर हे जडच जाऊ नये. खासबागेत कुस्ती लागली की हलगी, घुमकं आणि कैताळाचा जो कडकडाट उठतो, त्यावर पाय हलला नाही असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तो हलणारा पायच आपलं भांडवल.

पहिली पायरी : हातावर ताल धरा

पहिले पंधरा दिवस नाचू नका. मांडी घालून बसा आणि तीनताल हातावर धरा. सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोके, चार-चारचे चार विभाग :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात उलटा उघडायचा, वाजवायचा नाही. पहिली मात्रा ही सम. सगळं जग तिथं परत येतं. तोंडाने बोल म्हणत हातावर ताल धरायला कथकमध्ये पढंत म्हणतात, आणि चांगले गुरू पाय हलवायच्या आधी हेच करून घेतात.

हे सरळ जमलं की तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा म्हणून समेवर येणं, करून बघा. बोल घ्या ‘तिग्धा दिगदिग थेई’. तीन तुकडे, प्रत्येकाला एक मात्रा. हाच बोल तीनदा म्हटला की नऊ मात्रा होतात. आता तो खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून सुरू करा. पहिली ‘थेई’ अकराव्या मात्रेवर येईल, दुसरी चौदाव्यावर, आणि तिसरी बरोबर समेवर. हाताची टाळी आणि तोंडातली ‘थेई’ एकाच क्षणी पडली की अंगावर जो शहारा येतो, त्यासाठीच तर लोक कथकच्या मैफिलीला जातात. एकदा हे स्वतःच्या हातावर अनुभवलं की प्रेक्षागृहात बाकीचे टाळ्या का वाजवतात हे शेजाऱ्याला विचारावं लागत नाही.

मग स्पेनकडे वळा. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाच्या फ्लामेंकोत सोलेआ आणि बुलेरिया असे प्रकार आहेत, ते बारा मात्रांच्या चक्रावर चालतात. पण आपल्या एकतालासारखे दोन-दोनचे सहा समान भाग तिथं नाहीत. आघात पडतो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. मोठ्याने एक ते बारा मोजा आणि या पाच आकड्यांवर टाळी द्या. आधी तीन-तीनची ऐसपैस चाल, मग दोन-दोनची घाई. एवढं आठवडाभर रोज दहा मिनिटं केलंत की फ्लामेंकोचा कुठलाही व्हिडिओ लावा, नर्तकी टाच कुठं आपटणार हे तुम्हाला आधीच कळायला लागेल. सोलेआ संथ असतो, त्यापासून सुरू करा. बुलेरियाचा वेग सुरुवातीला झेपत नाही.

दुसरी पायरी : वजन कुठं आहे ते बघा

व्हिडिओचा आवाज बंद करा आणि फक्त कंबरेखालचं शरीर बघा. नाचणारा जमिनीपासून सुटायला बघतोय की जमिनीत शिरायला?

बॅले हे सुटायला बघणारं नृत्य. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी काढली, म्हणून बॅलेची परिभाषा आजही सगळी फ्रेंच आहे. पावलांची पाच मूळ स्थानं, पाय खुब्यापासून बाहेर वळवलेले, पाठीचा कणा वर ताणलेला. १८३२ मध्ये मारी तालियोनी ‘ला सिल्फीद’मध्ये बोटांच्या टोकांवर नाचली आणि तेव्हापासून हवेत तरंगणारी नायिका ही बॅलेची ओळख झाली. ते हलकेपण दिसतं सहज, पण त्यामागे पोटाच्या आणि मांडीच्या स्नायूंची वर्षांची कसरत असते.

भरतनाट्यम त्याच्या उलट. अरैमंडीत गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून नर्तक अर्धा बसतो आणि तिथूनच पाय आपटतो. कमरेवरचं शरीर मात्र ताठ. कथकमध्ये पाय सरळ, वजन दोन्ही तळव्यांवर, म्हणून तत्कार, म्हणजे पायांनी वाजवलेला ताल, स्वच्छ ऐकू येतो आणि चक्कर घेता येते. ओडिसीत त्रिभंग : मान, धड आणि गुडघा तीन दिशांना. फ्लामेंकोत धड राजासारखं ताठ आणि सगळा राग टाचेत.

अमेरिकेची मार्था ग्रॅहम (१८९४-१९९१) हिने वजनाचा प्रश्न पोटाशी आणून ठेवला. श्वास सोडताना ओटीपोट आत खेचायचं, घेताना मोकळं करायचं, आणि सगळी हालचाल तिथून निघू द्यायची. आज ज्याला ढोबळपणे कंटेम्पररी म्हणतात, त्यातल्या पुष्कळ गोष्टींचं मूळ इथं आहे. जपानमध्ये १९५९ पासून तात्सुमी हिजिकाता आणि काझुओ ओनो यांनी बुतो हा नृत्यप्रकार घडवला. तो इतका संथ असू शकतो की नवख्याला वाटतं काही घडतच नाही. बुतो पहिल्या वर्षी बघू नका, असं मी स्पष्ट सांगेन. डोळा तयार झाल्यावर बघा.

तिसरी पायरी : आपल्या मातीतलं आधी बघा

परदेशी व्हिडिओंच्या नादात हे राहून जातं, म्हणून मुद्दाम पायरी म्हणून लिहितो आहे. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या माळावर धनगरी ढोलांच्या गजरात गजनृत्य बघा. एकटा नर्तक कितीही कसलेला असला तरी शंभर पावलं एकाच वेळी उचलली गेल्यावर जे होतं ते त्याला एकट्याला साधत नाही. मर्दानी खेळ ही युद्धकला आहे, नृत्य नव्हे, पण लाठी आणि पट्टा फिरवणाऱ्याचा पवित्रा बघितलात की वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं जातं हे दिसतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गायन-नृत्याची सेवा रुजू होते, तिथंही जाऊन उभे राहा.

आणि लावणी. तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तीच सगळ्यात कमी समजून घेतली जाते. फडाची लावणी उभ्याने, ढोलकीच्या कडकडाटावर, मोठ्या प्रेक्षकांसमोर. बैठकीची लावणी बसून, मोजक्या रसिकांपुढे, गात आणि अभिनय करत. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतात आणि दर वेळी तिचा भाव वेगळा काढतात : एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा नुसती डोळ्यांची चेष्टा. भरतनाट्यममध्ये पदम, म्हणजे भावप्रधान गीत, सादर करताना हेच चालतं, कथकमध्ये ठुमरीवर बसून भाव सांगताना हेच. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्या वयाच्या शंभरीपलीकडे पोचून गेल्या. त्यांचं जे काही चित्रण मिळेल ते बघा, आणि बघताना चेहरा बघा, पाय नंतर. तमाशाच्या बोर्डावरच्या विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्या नावाने राज्य सरकार आज जीवनगौरव पुरस्कार देतं. आपल्या शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या रेठऱ्याचे पठ्ठे बापूराव, त्यांच्या लावण्यांनी तर कित्येक फड उभे राहिले.

स्पेनमधल्या गीतानो, म्हणजे रोमा, लोकांचं फ्लामेंको २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेलं, जग तिकीट काढून ते बघायला जातं. लावणी बघताना शिट्ट्या मारायच्या आणि फ्लामेंको बघताना अदबीने बसायचं, हे मला मान्य नाही. दोन्हीकडे नाचणारीची मेहनत तेवढीच आहे.

चौथी पायरी : थोडे नर्तक निवडा, पण नीट ओळखा

यादी लांब करू नका. पहिल्या सहा महिन्यांत खालच्यांतली पाच-सहा माणसं पुरेत. मी ज्यांच्यापासून सुरुवात करायला सांगेन त्यांतल्या काहींची एकमेकांशी नाती आहेत, म्हणून ती लक्षात राहतात.

आन्ना पाव्हलोवा (१८८१-१९३१) रशियन बॅलेरिना. ती १९२२ मध्ये भारतात आली होती. भारतीय विषयावर काही बसवायचं तिच्या मनात होतं, आणि लंडनमध्ये चित्रकला शिकणारा एक तरुण तिला भेटला : उदय शंकर. १९२३ मध्ये दोघांनी राधा-कृष्णाचं नृत्य लंडनच्या रंगमंचावर केलं. उदय शंकर यांनी कुठल्या एका शास्त्रीय शैलीचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, शिल्पं आणि चित्रं बघून त्यांनी स्वतःची भाषा घडवली. त्यांचा १९४८ चा ‘कल्पना’ हा चित्रपट बघाच, त्यातल्या समूहरचना आजही ताज्या आहेत.

हीच पाव्हलोवा पुढे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना भेटली. रुक्मिणीदेवी बॅले शिकत होत्या, पाव्हलोवाने त्यांना आपल्याच देशाचं नृत्य शोधायला सांगितलं. रुक्मिणीदेवी सादिर शिकल्या, ज्याला आपण आज भरतनाट्यम म्हणतो, आणि १९३६ मध्ये त्यांनी मद्रासला कलाक्षेत्र उभं केलं. त्यांच्यासमोर बालासरस्वती (१९१८-१९८४), जिच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या देवदासी कलावंत झाल्या. रुक्मिणीदेवींना शृंगार आवरून घ्यावासा वाटला. बालासरस्वतींचं म्हणणं होतं की शृंगार हाच या नृत्याचा प्राण आहे. दोघींचं चित्रण एकापाठोपाठ बघा आणि आपलं मत आपणच ठरवा. मी बालासरस्वतींच्या बाजूचा आहे. सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये त्यांच्यावर ‘बाला’ हा माहितीपट केला, त्यात समुद्रकिनाऱ्यावर त्या नाचतात, पदर वाऱ्याने उडतो आणि त्या थांबत नाहीत.

इथं मराठी माणसाने एक गोष्ट मनात ठेवावी. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा आज जो क्रम असतो, अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, तो बसवला तंजावरच्या चार भावांनी : चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलु. त्यांचा आश्रयदाता कोण, तर भोसल्यांच्या तंजावर शाखेतले सरफोजी राजे दुसरे. म्हणजे चेन्नईची मुलगी अलारिप्पूने सुरुवात करते, त्यात एका मराठी दरबाराचाही वाटा आहे.

कथकसाठी लखनौ घराण्याचे बिरजू महाराज (१९३८-२०२२) आणि आपल्या पुण्याच्या रोहिणी भाटे (१९२४-२००८). रोहिणीताईंनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली आणि मराठी घरांतल्या मुलींसाठी कथकचा रस्ता मोकळा झाला. बनारस घराण्याचे गोपीकृष्ण बघायचे तर १९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’ आहे. तो काढणारे व्ही. शांताराम जन्माने कोल्हापूरचे, आणि त्यांची प्रभात कंपनीही १९२९ मध्ये इथंच सुरू झाली होती.

फ्लामेंकोत कार्मेन अमाया. बार्सिलोनाच्या गरीब वस्तीतली गीतानो मुलगी, जिने पुरुषांची तुमान घालून पुरुषांचं समजलं जाणारं वेगवान पदकाम केलं आणि सगळ्यांना मागं टाकलं. टॅपसाठी, म्हणजे बुटांनी जमिनीवर ताल वाजवायच्या नाचासाठी, निकोलस बंधू, १९४३ च्या ‘स्टॉर्मी वेदर’मधला त्यांचा जिन्यावरचा नाच. मायकेल जॅक्सन तुम्हाला माहीतच आहे, त्याने मूनवॉक पहिल्यांदा टीव्हीवर केला तो १९८३ मध्ये. जर्मनीची पिना बाउश मात्र थोडं थांबून बघा, तिच्यात नाटक आणि नृत्य वेगळं काढता येत नाही.

पाचवी पायरी : क्लास निवडताना

एक शैली धरा आणि निदान दोन वर्षं ती सोडू नका. बाकीच्या बघत राहा. सहा महिने कथक, चार महिने सालसा, मग झुंबा, असं केलं की घाम येतो, पण नृत्य येत नाही.

कोल्हापुरात कथक आणि भरतनाट्यम शिकवणारे आहेत, वेस्टर्नचे क्लास तर गल्लोगल्ली. पैसे भरायच्या आधी एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून बघू देतात का, विचारा. बसू देत नसतील तर दुसरीकडे जा. बसल्यावर हे बघा : ताई किंवा सर पोरांचे गुडघे, पाठ, तळवे हात लावून किंवा थांबवून सुधारतात का, की पुढं उभं राहून नुसतं करून दाखवतात? ताल तोंडाने म्हणून घेतात का, की थेट गाणं लावून स्टेप बसवतात? वर्षभर एका गॅदरिंगच्या डान्सचीच तयारी चालू असेल तर ते शिक्षण नव्हे. महिन्याची फी, गॅदरिंगच्या ड्रेसचा खर्च आणि परीक्षेची फी हे तिन्ही वेगवेगळं विचारून घ्या, नाहीतर डिसेंबरमध्ये धक्का बसतो.

परीक्षा द्यायची असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत : प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. प्रवेशिकेपासून विशारदपर्यंत प्रत्येकीचे प्रथम आणि पूर्ण असे दोन टप्पे. त्याने अभ्यासाला शिस्त लागते, लेखी भागामुळे शास्त्रही वाचलं जातं. पण पोराला दर वर्षी पुढच्या परीक्षेला बसवायचा आग्रह धरू नका. तत्कार कच्चा असताना मध्यमाचा दाखला काही कामाचा नाही.

ब्रेकिंगची ओढ असलेल्या तरुणांसाठी थोडंसं. हे नृत्य न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधून आलं; ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कने तिथल्या एका पार्टीत गाण्यातला फक्त तालाचा तुकडा लांबवून वाजवला, ती त्याची सुरुवात मानतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ते स्पर्धा म्हणून खेळलं गेलं, जपानच्या अमीने आणि कॅनडाच्या फिल विझार्डने सुवर्ण मिळवलं. तालमीत घाम गाळलेल्या पोराला यात फायदा आहे, खांदे आणि मनगटं तयार असतात. तरी आधी उभ्याने करायचं टॉपरॉक, मग जमिनीवरचं सिक्स-स्टेप, मग फ्रीझ, म्हणजे हातांवर तोलून एका स्थितीत थिजणं. डोक्यावर गरगर फिरायची घाई करू नका, मान एकच असते.

बॅलेचं तसंच. ऑनलाईन बघून पावलांची स्थानं आणि प्लीए, म्हणजे गुडघे वाकवणं, शिकायला हरकत नाही, पण पॉइंट शूज मागवून घरच्या घरी बोटांवर उभं राहणं नको. लहान मुलींना तर अजिबात नको. त्याला पक्का घोटा, बरीच वर्षांची तयारी आणि समोर शिक्षक लागतो.

सहावी पायरी : फरशी, घुंगरू, पाय

आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशी नाहीतर टाईल्स. त्यावर रोज जोरात तत्कार केला की नडगी आणि गुडघे बोलायला लागतात. लाकडी तक्ता मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड सतरंजी अंथरा आणि पाय हळू आपटा. आवाज मोठा येण्यापेक्षा स्वच्छ यायला हवा. जेवल्यावर लगेच नाचू नका. पहिली दहा मिनिटं घोटे, गुडघे, कंबर मोकळी करा, आणि शेवटी पोटऱ्या ताणून घ्या, ते बरेच जण टाळतात.

घुंगरू पहिल्या महिन्यात लागत नाहीत. गुरूंनी सांगितल्यावरच घ्या. पितळी घ्या, वाजवून बघून घ्या, फुटका घुंगरू लगेच कळतो. कथकसाठी सुती दोरीत एकेक गुंफलेले, सुरुवातीला प्रत्येक पायात पन्नास-शंभर पुरतात. भरतनाट्यमचे चामडी पट्ट्यावर किंवा कापडी पट्टीवर बसवलेले असतात. घोट्याच्या जरा वर, गुंडाळी घट्ट आणि सपाट. ढिले बांधले तर नाचताना खाली घसरतात आणि घोटा सोलतो. घाम लागलेली दोरी तशीच पिशवीत कोंबू नका, वाळवून ठेवा, नाहीतर पितळ हिरवं पडतं.

सातवी पायरी : प्रेक्षागृहात

घरात बसून कितीही व्हिडिओ बघा, पाय आपटल्याची धमक छातीत जाणवते ती समोर बसल्यावरच. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्याचं दुःख या गावाला अजून आहे. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या बाहेर लागणारे फलक येता-जाता वाचत जा, आणि सांगली, पुण्यात काही मोठं असेल तर दोघं-चौघं मिळून जा.

पदकाम बघायचं तर अगदी पहिल्या रांगेत बसू नका, रंगमंच उंच असतो आणि पावलंच दिसत नाहीत. चौथी-पाचवी रांग बरी. समूहनृत्य असेल तर वरची बाल्कनी, रचना तिथूनच कळते. टाळी कधी द्यायची? कथकमध्ये तिहाई समेवर पडली की. फ्लामेंकोत चालू नाचातच ‘ओले’ म्हणून दाद देतात, आपल्या ‘क्या बात है’सारखी. बॅलेत एकट्याचा तुकडा संपल्यावर. मोबाईल खाली ठेवा, चित्रण करताना निम्मं नृत्य हातातून जातं आणि मागच्याच्या डोळ्यात उजेड जातो.

कार्यक्रम संपल्यावर साथीदारांना भेटा. तबलजी किंवा ढोलकीवाला मोकळा असेल तर विचारा की अमुक तुकडा कुठल्या मात्रेवरून उचलला होता. ही मंडळी आनंदाने हातावर वाजवून दाखवतात.

दर वर्षी २९ एप्रिलला जागतिक नृत्यदिन असतो, १९८२ पासून. फ्रेंच नृत्यकार नोव्हेर यांचा तो जन्मदिवस. त्या आठवड्यात बरेच क्लास आणि संस्था छोटे कार्यक्रम ठेवतात, बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. कुठला क्लास कसा शिकवतो हे एका संध्याकाळीत बघून घ्यायला याहून चांगली वेळ नाही. त्याआधी तीनताल हातावर बसलेला असला की झालं.